मंदाबाईचा परहेज

धान लावायच्या रोवण्याच्या ओळीत बायका जे बोलतात ते बांधीच्या चिखलाबाहेर कोणी बोलत नाही. कंबर वाकलेली, पाय चिखलात, हातात धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंडी. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, म्हणून जीभ सैल सुटते. कोणाचा नवरा कसा घोरतो, नव्या नवरीला सकाळी उठायला उशीर का झाला, कोणाच्या खाटेचा पाय कशानं मोडला, सगळं तिथं निघतं. करडीकडच्या गावांत हे जुनंच आहे. त्यात एकच पथ्य पाळतात, विधवेला चिडवत नाहीत. तिच्यापाशी आलं की गंमत तिला ओलांडून पुढच्या बाईकडे जाते.

त्या वर्षी गंमत मंदाबाईला ओलांडून गेली.

मंदाबाईचा नवरा तुलाराम चांगला जिवंत, धडधाकट. गावच्या तलावाचं पाणी पाळीपाळीनं सगळ्यांच्या बांधीत सोडणारा पाणकर तो. त्या घटकेलाही समोर तलावाच्या पाळीवर फावडं घेऊन उभा होता. एक पोट्टी हसत म्हणाली, "मंदाकाकी, काका तं तुमच्याकडंच पाहून राहिले!" आणि ओळीच्या टोकावरून लीलाबाईचा आवाज आला. ओळ चालवणारी बाई ती, जिभेला हाड नाही. पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"तिले नोको चिडवू वो. तिची पिशवी काढली न."

झालं. चिडवणारी गप्प झाली. मंदाबाईच्या बाजूला शकुनबाई रोवत होती. साठीची बाई, नवरा जाऊन जमाना झालेला. गंमत तिलाही ओलांडून गेली, आणि पुढं तिसऱ्याच बाईची खाट मोडली, तिथं सगळ्या खदखदून हसल्या. मंदाबाईनं पेंडी सोडली, रोपं चिखलात दाबत राहिली. दया केली बायकांनी, दुसरं काय! पण अशी दया कोणी आपल्यावर करू नये.

मंदाबाई म्हणजे गावातली चुली घालणारी बाई. गॅस घरोघरी आला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, त्यामुळे तिला काम होतं. तलावातली काळी माती, त्यात धानाचा कोंडा आणि शेण मळून ती चूल घाली. साचा नाही, माप नाही. डोळे मिटून हात फिरवला की कुठं उंचवटा राहिला, कुठं चीर पडणार, हे बोटांना कळायचं. स्वभावानं हट्टी. एकदा पडलेली चूल ती दुसऱ्यांदा तशीच घालत नसे, का पडली ते शोधल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही.

आणि हीच बाई स्वतःच्या शरीराबद्दल मात्र दुसऱ्यांनी सांगितलं ते धरून बसली होती. पिशवीत गाठ झाली, अंगावरून फार जायला लागलं, तेव्हा भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. परतल्यावर जी भेटायला आली तिनं हेच ऐकवलं. पिशवी गेली की बाईपण गेलं. आता माणसाजवळ जायचं काम संपलं. सुटली बाप्पा एकदाची! मंदाबाईनं मान हलवली. खरंच असेल, तिला वाटलं, कारण दवाखान्यातून आल्या दिवसापासून तुलारामनं आपली खाट उचलून ओसरीत नेली होती. एका शब्दानं काही बोलला नाही. मुलगी गुड्डी लग्न होऊन गेलेली, मुलगा सचिन पुण्याला कंपनीत. घरात दोनच माणसं, आणि त्यांच्यामध्ये एक भिंत.

त्या माणसाचं वागणं तरी काय सांगावं! पाण्याचा हंडा उचलू देत नव्हता. बाजारातून अंबाडी आणत नव्हता, कारण आंबट चालत नाही. चिंच घरातून हद्दपार. तिला दही दिसलं तरी वाटी दूर सरकवी. एवढं जपणारा माणूस रात्री तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नव्हता. मंदाबाईनं त्याचा अर्थ लावला तो असा, की हा आपली कीव करतो आणि याला आपली किळसही येते. ते मनात धरून तिनं दुसराही रोवणा उरकला. ओळीतली गंमत तेव्हाही तिला ओलांडूनच गेली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, पाहुणे येतात. त्या मंडईला तुलारामच्या बहिणीची मुलगी उर्वशी आली. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नर्स, लग्न झालेली, मामीची लाडकी. ऑपरेशनच्या वेळी हीच सोबत होती. सकाळी मंदाबाई अंगणात चूल घालत होती आणि उर्वशी चहा पीत ओसरीतल्या खाटेकडे पाहत होती.

"मामी, मामा काहून बाहेर झोपते?"

"पिशवी नाही न बाई आता. आता कायचं काय?"

उर्वशीनं कप खाली ठेवला. "पिशवीचा अन् त्याचा काय संबंध?"

"म्हणजे?"

"अवो, पिशवी लेकरू वाढायची जागा. अंडाशय तुझे डॉक्टरनं ठेवले आहेत, म्हणजे अंगातलं बाकी काम चालूच आहे. कोणाकोणाले थोडा फरक पडते, कोरडं वाटते, त्यावर इलाज आहे. पण ज्यानं बाईले सुख भेटते तो अवयव पिशवी नाहीच. तो वेगळा आहे."

"कोणता वेगळा?" मंदाबाईचे मातीचे हात थांबले. "दवाखान्यात भिंतीवर चित्र होतं. म्या पाहिलं. त्यात तं पिशवी अन् रस्ता, दुसरं काही नव्हतं."

"नाही दाखवत चित्रात," उर्वशी म्हणाली, आणि नर्स असूनही तिचा चेहरा लाल झाला. "आमच्या पुस्तकातही दोन ओळी होत्या. मॅडमनं त्या ओलांडून पुढचा धडा घेतला."

ओलांडून! त्या शब्दानं मंदाबाईला आग लागली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि समोर येऊन बसली. "दाखव."

उर्वशीनं मोबाइल काढला. मामीनं चित्र बोटांनी मोठं केलं, अजून मोठं केलं. वर जिथं दोन ओठ मिळतात तिथं कातडीच्या टोपीखाली एक दाणा. एवढाच बाहेर दिसतो, उर्वशी म्हणाली, पण त्याच्यामागं आत लांब शरीर आहे, हाडाला लागून दोन पाय मागं गेलेले आहेत, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगणारे दोन गोळे आहेत. मन झालं, नीट हात लागला, की सगळ्यात रक्त भरते आणि सगळं फुगते. माणसाचं फुगते तसंच. इवल्या दाण्यात जाणिवेच्या हजारो नसा येऊन मिळतात. त्याला लेकरू जन्माला घालायचं काम नाही, लघवीचं काम नाही. सुख देणं, एवढंच त्याचं काम.

"एवढंच?"

"एवढंच. बहुतेक बायांना नुसतं आत येण्या-जाण्यानं पुरं सुख भेटतच नाही, मामी. दाण्यालेच हात लागावा लागते."

मंदाबाईनं चित्र परत सरकवून पाहिलं. मग विचारलं, "याले नाव काय?"

"पुस्तकात शिश्निका म्हणते. म्हणजे माणसाच्या त्याची बारकी बहीण."

"काहून? आपल्या वस्तूले त्याच्यावरून नाव काहून?" मामी भडकली. "दाणाच बरा. अन् तू सांग पोरी, ऑपरेशनच्या वेळी माह्या उशाशी बसली होती न तू? तवा काहून नाही सांगतलं?"

"तू विचारलं नाही. अन् मले लाज वाटली," उर्वशी म्हणाली. मामीला राग आवरेना, आणि पोरीवर काढताही येईना. ती उठली, जाऊन अर्धी चूल लाथेनं पाडली आणि परत माती मळायला बसली. दोन लेकरं झाली, एवढा संसार झाला आणि तिला काय ठाऊक होतं? अंधारात डोळे मिटून पडायचं, तुलारामचं उरकायचं, आणि तो घोरायला लागला की उठून पाणी प्यायचं. तिला वाटायचं, बाईसाठी एवढंच असते. माणसाचं होते, बाईचं फक्त लेकरू होते. ते एवढंसुद्धा पिशवीबरोबर गेलं म्हणून ती रडली होती!

उर्वशी नागपूरला गेली. मंदाबाईनं ठरवलं की माहीत करून घ्यायचं. तुलारामकडे जाण्याआधी स्वतःला. आरसा तिला लागलाच नाही, बोटं होती. सकाळी तुलाराम तलावावर गेला की न्हाणीत चुलीवरचं कढत पाणी घ्यायचं, ताटीच्या फटीतून ऊन आत येई तिथं दगडावर बसायचं. पहिल्या दिवशी तिनं हात लावला आणि चोरी पकडल्यासारखी दचकून उठली. दुसऱ्या खेपेला हसू आलं. मग हळूहळू तिनं ओळख करून घेतली, नव्या मातीची करून घेतात तशी. थेट दाण्यावर जोर दिला की नको वाटतं, बाजूनं, कातडीवरून, गोल फिरवलं की बरं वाटतं. घाई केली की विझतं. मनात दुसरा विचार आला, दूध उतू गेलं की काय, तरी विझतं. आणि एका सकाळी ते विझलं नाही. वाढत गेलं, पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलं, आणि तिनं तोंडात पदर कोंबला. नंतर ती दगडावर बसूनच राहिली. बादलीतलं पाणी निवून गेलं. तिला रडू आलं, आणि रडता रडता ती स्वतःशीच म्हणाली, "मंदे, हे तुह्याजवळच होतं वो!"

सुख घरात होतं. पण नवरा ओसरीत होता, आणि तिला तो हवा होता. नुसतं सुख पुरलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. तिला तुलारामच्या बाजूला झोपायचं होतं, आणि आता पूर्वीसारखं डोळे मिटून नाही. पण सांगणार कसं? कोणत्या शब्दांत? तिला शब्द सुचेनात, म्हणून तिनं माती घेतली. उर्वशीनं दाखवलं होतं तसं सगळं घडवलं. टोपी, दाणा, मागचं शरीर, दोन पाय, दोन गोळे. ओंजळीत मावेल त्याहून थोडं मोठं केलं, आणि ओसरीत छोट्या चुलींच्या रांगेत वाळायला ठेवलं.

तुलाराम दुपारी आला, वाकून ते हातात उचललं, खूश झाला. "बगळा लय चांगला केला तू. पंख मिटून बसला वाटते."

"खाली ठेवा, ओला आहे. बगळा नाही तो." आणि तिनं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात, काय आहे, कुठं आहे, कशासाठी आहे.

तुलारामनं ते मातीचं हळूच जाग्यावर ठेवलं.  फावडं खांद्यावर टाकलं आणि न जेवता तलावाकडं चालता झाला.

 संपलं, मंदाबाईला वाटलं. आता हा माणूस तिच्याकडं वर मान करून पाहणार नाही. दुसरी बाई असती तर दार लावून रडली असती. हिनं टोपल्यात भाकरी घेतली, भाकरीच्या बाजूला ओलं फडकं अंथरून ते मातीचं ठेवलं, वरून लुगड्याचं दुसरं फडकं झाकलं आणि भर उन्हात तलावाची पाळ धरली. वाटेत लीलाबाई भेटली, "काय वो टोपल्यात?" "जेवण," म्हणून पुढं निघाली.

तुलाराम उन्हाळी धानाला पाणी सोडत बसला होता. तिनं टोपलं त्याच्यासमोर ठेवलं. "जेवा. अन् मंग सांगा. माही किळस येते का तुमाले?"

तो इतका चमकला की फावडं हातातून पडलं. "किळस? कोणाले?"

"मंग ओसरीत कायले झोपता?"

"परहेज आहे न!" तुलाराम म्हणाला.

"कायचा परहेज?"

"दवाखान्यातून सुट्टी भेटली तवा तिथल्या माणसानं सांगतलं. आंबट नाही, तेलकट नाही, वजन नाही, अन् जवळ जायचं नाही. टाके तुटतीन म्हणे. म्या विचारणार होतो कधीपर्यंत, पण तिथं चार बाया उभ्या होत्या. कसं विचारू?" त्यानं फावडं उचललं. "तुले काही झालं असतं तं? म्या पाळून राहिलो बाप्पा. कधी सुटते ते कोणी सांगतलंच नाही."

मंदाबाई त्याच्यासमोर बसली. दीड-दोन महिन्यांचा परहेज या माणसानं दोन वर्षं पाळला होता, विचारायची लाज वाटली म्हणून! आणि तिनं त्या परहेजाला किळस ठरवलं होतं, विचारायची लाज वाटली म्हणून! ती हसायला लागली. हसता हसता डोळे गळायला लागले. तुलाराम घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागला, आणि तो हात एवढ्या दिवसांनी पाठीवर पडल्यावर तिला आणखीच रडू फुटलं.

मग त्यानं स्वतःच टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं. मातीकडं पाहत राहिला. "हे सगळं आत असते? पयलेपासून?"

"जन्मापासून."

"मंग इतके वर्स म्या काय करत होतो?"

"शेजारच्या बांधीत नांगर चालवत होते तुमी," मंदाबाई म्हणाली. "आपली पडीक ठेवून."

हे त्याला लागलं. तिनं पाहिलं, लागलं, आणि तिनं शब्द मागे घेतला नाही. तो उठून पाणी सोडायच्या गेटापाशी गेला, पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. ती बसून राहिली. या वेळी उठून जाणार नाही, तिनं ठरवलं होतं. बऱ्याच वेळानं तो परत आला. "तू कधी बोलली काहून नाही?" त्यानं विचारलं.

"मलेच ठाऊक नव्हतं. आता आहे."

"मंग सांगशीन मले? म्या हळू शिकतो, तुले माहीत आहे."

"हळूच पाहिजे," ती म्हणाली. "पाणी सोडता तसं. एकदम गेट उचललं की बांध वाहून जाते."

त्या दिवशी दुपारीच ओसरीतली खाट आत आली. पहिल्यांदा काही जमलं नाही, खरं सांगायचं तर. तुलाराम घाबरलेला, "दुखलं का, दुखलं का" विचारून त्यानं बेजार केलं. तिनं त्याचं बोट धरून नेलं, त्यानं परीक्षा द्यायला बसल्यासारखं कपाळाला आठ्या घातल्या, आणि दोघं हसून लोळली. पण दोघं परत बसली. ती सांगत गेली, "इथं नाही. वर. अलगद. हां, थांबू नोको आता." नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा ती तू म्हणाली आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. उर्वशीनं कोरडेपणासाठी सांगितलेली जेलीची ट्यूब तिनं करडीच्या मेडिकलमधून स्वतः मागून आणली, दुकानदार इकडे तिकडे पाहत राहिला तरी. आणि उन्हाळा सरता सरता एकदा तुलारामनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हेच का वो?" तिला उत्तर द्यायला शब्द फुटला नाही. त्याला कळलं. तो एवढा खूश झाला की दुसऱ्या दिवशी अंबाडीची जुडी घेऊन आला.

रोवणा लागला. दुपारी बांधीच्या धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या. मंदाबाईच्या डब्यात अंबाडीची भाजी, आंबट, लसणाची फोडणी दिलेली. लीलाबाईचे डोळे तिखट. "काहून वो मंदा, आंबट? तुलारामभाऊनं परवानगी देली का?" आणि मग तिनं मंदाबाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "थांब थांब. तोंडावर हे तेज कायचं?"

पोट्ट्या खिदळल्या. गंमत मंदाबाईवर येऊन थांबली होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही.

"खाट आत आली माही," ती म्हणाली. "पिशवी गेली म्हणून काही जात नसते. तुमीच मले सांगतलं होतं जाते म्हणून, अन् तुमाले कोणालेच ठाऊक नव्हतं. आता ओळीत चला, सांगतो."

आणि जेवण आटोपून ओळ परत वाकली, तेव्हा तिनं सांगितलं. दाणा कुठं असतो, कसा असतो, आत किती मोठा, काम काय. ओळ कधी थांबत नाही, पण त्या दिवशी हात थांबले. लीलाबाई, जिच्या तोंडी सतत दुसऱ्यांच्या खाटा मोडायच्या, पेंडी हातात घेऊन तशीच वाकून राहिली. "बाप्पा," ती म्हणाली, "अन् आपण इतके वर्स हसत होतो कायले?" 

मंदाबाईच्या बाजूनं शकुनबाई बोलली. तिला या ओळीत कोणी काही विचारत नसे, म्हणून तिचा आवाज अनोळखी वाटला.

"साठीची झालो मी. मले कोणी नाही सांगतलं." ती म्हणाली, "माह्या माणसालेही कोणी नसंन सांगतलं. चांगला होता बिचारा. सांगतलं असतं तं ऐकलं असतं त्यानं."

तिनं एक रोप चिखलात दाबलं.

"जाऊ दे," शकुनबाई म्हणाली. "आता मले काय उपयोग?"

"उपयोग काहून नाही, काकी?" मंदाबाई म्हणाली. "तुमचे हात आहेत न?"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं, आणि लीलाबाईच पहिली हसली. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या चिखलात हसत सुटल्या, आणि एक पोट्टी ओरडली, "पण काकी, पयले धुऊन घ्या वो!" गंमत शकुनबाईला ओलांडून गेली नाही. तीही हसत होती, डोळे पुसायला हात वर नेत होती आणि चिखल पाहून खाली आणत होती. सगळ्या परत रोवायला लागल्या तरी ती कंबर ताठ करून उभी राहिली. तिनं दोन्ही हात बांधीतल्या पाण्यात बुडवले, हळूहळू चिखल धुतला, आणि स्वच्छ झालेले हात समोर धरून पाहत राहिली.